समुद्रपूरहून समुद्राकडे

समुद्रपूर या नावात समुद्र आहे. गावापासून पाचशे किलोमीटरच्या आत मात्र तो कोठेही नाही. वर्धा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाचे वर्ष कापूस, सोयाबीन, तूर आणि चणा यांच्या हंगामांवर चालते. येथील जैन व्यापारी कुटुंबांची सहल म्हणजे गिरडची टेकडी आणि यात्रा म्हणजे जाम, वरोरा मागे टाकून भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन. अशा गावातील धान्याची आडत करणाऱ्या एका कुटुंबात यंदा समुद्राचा विषय निघाला आणि चार महिने घरात मुरत राहिला.

विषय काढला तो दहावीतील नातवाने. परीक्षेनंतरचे बक्षीस म्हणून त्याने दुचाकी मागितली नाही, नवा मोबाइलही मागितला नाही. समुद्रकाठी तंबू ठोकून चार दिवस राहायचे आणि फळीवर उभे राहून लाटेवरून किनाऱ्यापर्यंत येण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकायचा, एवढीच त्याची मागणी होती. हिशेबाच्या कोऱ्या पावतीच्या पाठीवर त्याने अंदाजपत्रकही लिहून आणले होते. बारा वर्षांच्या बहिणीने त्यावर स्वतःचे नाव परस्पर घालून टाकले होते.

वडिलांनी पावती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मौनाचे कारण आईला ठाऊक होते. ते हिंगणघाटला शाळेत असताना त्यांचा वर्गमित्र पावसाळ्यात वणा नदीत बुडाला होता. त्यानंतर ते कधी पोहायला शिकले नाहीत आणि मुलांनाही त्यांनी विहिरीच्या काठी जाऊ दिले नाही.

दादीजींची हरकत वेगळी होती. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात श्रावकाची बारा व्रते घेतली आहेत. त्यांतील सहावे दिक्परिमाण व्रत. प्रत्येक दिशेस आपण किती दूर जाणार याची मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवायची आणि ती आयुष्यभर पाळायची, असे त्याचे स्वरूप. दादीजींनी दक्षिणेस पाचशे मैलांची मर्यादा घेतली आहे. तीर्थयात्रेसाठी तेवढी सवलत ठेवली आहे. आपण जिथवर पोचतो तिथवर आपला लोभ आणि आपल्या हातून होणारी हिंसा पोचते, म्हणून आधी पावलांना सीमा घालायची, हा या व्रतामागील विचार. व्यापाऱ्याच्या घरात तो चटकन समजतो. पत किती आहे हे पाहूनच उलाढाल करावी, असे सांगणारेच हे व्रत आहे.

हंगामांमधील फट

पहिला प्रश्न होता तो कधी जायचे याचा. दिवाळीची सुट्टी चातुर्मासात येते. त्यात प्रवास नको, हे दादीजींनी सांगण्याआधीच सर्वांना मान्य होते. नोव्हेंबर ते जानेवारी कापूस आणि सोयाबीनची आवक असते, त्यामागोमाग तूर येते, मग चणा. मार्चमध्ये वर्षअखेरचे हिशेब. मे महिन्याच्या मध्यापासून बियाण्यांची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास अरबी समुद्रही खवळू लागतो. जून ते ऑगस्ट किनाऱ्यावर जाण्याचा प्रश्नच नाही.

आईने भिंतीवरील पंचांग काढून पुढ्यात ठेवले. चैत्र शुद्ध पक्षात महावीर जन्मकल्याणक आणि नवपदाची आयंबील ओळी. ती पौर्णिमेस संपते. पुढे वैशाख शुद्ध तृतीयेला अक्षय्यतृतीया आणि वर्षीतपाची पारणी. या दोहोंमध्ये सुमारे अठरा दिवसांची मोकळी फट आहे. दहावीची परीक्षा तोवर संपलेली असते, बाजार मंदावलेला असतो. मुलीच्या शाळेचे वेळापत्रक जुळले की झाले. बारा महिन्यांतून हे कुटुंब दुकान सोडून जाऊ शकेल असे दिवस एवढेच, हे त्या संध्याकाळी प्रथमच सर्वांच्या ध्यानात आले. मुनीमजींच्या हाती दुकान सोपवायचे ठरले आणि सहलीला प्रथमच तारीख मिळाली.

कोणता किनारा?

नातवाच्या यादीत तीन ठिकाणे होती. पहिले सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली. कर्ली नदी आणि समुद्र यांमधील पांढऱ्या वाळूचा पट्टा, शेजारी मालवण आणि समोर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे कळल्यावर मुलीचे मत तिकडे झुकले. परंतु तारकर्लीची खरी ओळख पाण्याखाली बुडी मारून समुद्रतळ पाहण्याची; लाटेवरील फळीचा खेळ तेथे मुख्य नाही.

दुसरे ठिकाण उत्तर गोव्यातील मोरजी आणि अश्वे. तेथे हा खेळ शिकवणारे वर्ग आहेत आणि नवशिक्याला सोसतील अशा लाटाही आहेत. मात्र पर्यटकांची गर्दी, रात्री उशिरापर्यंत चालणारे संगीत आणि प्रत्येक टेबलावरील मद्य यांच्या मधोमध तंबू ठोकून चौविहार पाळणे अवघड, असे आईचे मत पडले.

तिसरे ठिकाण मुल्की. कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात, उडुपी आणि मंगळूर यांच्या साधारण मध्यावर, शांभवी नदीच्या काठी हे छोटे गाव आहे. अमेरिकेतून आलेले स्वामी नरसिंह, पूर्वाश्रमीचे जॅक हेबनर, यांनी २००४ मध्ये तेथे मंत्र सर्फ क्लब सुरू केला. लोक त्याला ‘सर्फिंग आश्रम’ म्हणू लागले. मद्य नाही, मांसाहार नाही, पहाटे उठून लाटांवर जायचे, अशी तेथील राहणी. भारतात हा खेळ रुजविणाऱ्या पहिल्या ठिकाणांत मुल्कीची गणना होते. पुढे २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. मुल्कीजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर आता राष्ट्रीय स्पर्धा भरतात.

नकाशावर मुल्कीभोवती बोट फिरवताना आईला आणखी एक नाव दिसले, आणि घराचा निर्णय त्या नावाने केला. ते नाव होते मूडबिद्री. मुल्कीपासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेले हे गाव ‘जैन काशी’ म्हणून ओळखले जाते.

यात्रा की खेळ?

समुद्रपूरपासून मुल्की सरळ रेषेत सुमारे साडेनऊशे किलोमीटर. दादीजींची मर्यादा पाचशे मैलांची, म्हणजे आठशे किलोमीटरची. तीर्थयात्रेची सवलत असल्याने मूडबिद्रीला जाता येते, मग मुल्कीही आलीच, असा युक्तिवाद नातवाने मांडला.

दादीजींनी तो ऐकून घेतला आणि शांतपणे नाकारला. “यात्रेच्या पावतीवर खेळाचा माल न्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “खेळ खेळायचा तर त्याला खेळ म्हणा. मी मूडबिद्रीला येईन आणि तिथेच राहीन. तुमच्या समुद्राला मी येणार नाही.”

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. नातवाला वाटले, बेत मोडला. प्रत्यक्षात त्याच वाक्याने बेत उभा राहिला. सहलीचे दोन भाग झाले. पहिले तीन दिवस सर्वांनी मिळून यात्रा करायची. पुढचे चार दिवस वडील आणि दोन्ही मुले मुल्कीस तंबूत राहतील, आई आणि दादीजी मूडबिद्रीच्या धर्मशाळेत थांबतील. अंतर तासाभराचे असल्याने आई एखादा दिवस मुलांकडे जाऊन येऊ शकेल.

पंथाचा प्रश्नही निघाला. कुटुंब श्वेतांबर, मूडबिद्रीची मंदिरे दिगंबर परंपरेची. ही यात्रा व्रताच्या सवलतीत बसते का, असे धाकटीने विचारले. दादीजींनी उत्तर दिले, “तिथे मूलनायक कोण? चंद्रप्रभू. आठवे तीर्थंकर तुझ्या पुस्तकात वेगळे आहेत का?”

मूडबिद्रीत अठरा बसदी, म्हणजे जैन मंदिरे, आहेत. त्यांतील सर्वांत मोठी १४३० मध्ये उभारलेली हजार खांबांची बसदी; तिला त्रिभुवनतिलक चूडामणी असे नाव आहे. जवळच कारकळ येथे १४३२ मध्ये प्रतिष्ठापिलेली सुमारे बेचाळीस फुटांची बाहुबलींची एकसंध पाषाणमूर्ती आणि वेणूर येथे १६०४ मधील पस्तीस फुटांची मूर्ती आहे. ही दोन्ही ठिकाणे मूडबिद्रीपासून सुमारे वीस-वीस किलोमीटरवर असल्याने दोन दिवसांत घाई न करता दर्शन होते.

मूडबिद्रीचे विदर्भाशी एक जुने नाते आहे, आणि ते वैदर्भीय जैनांतही फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या प्राचीन ताडपत्र प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत कुलूपबंद होत्या. त्यांचे केवळ दर्शन घडे, वाचन नाही. विसाव्या शतकात त्या ग्रंथाचे संपादन करून तो छापून काढण्याचे काम सुरू झाले ते अमरावतीत. तेथील महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये पहिला खंड प्रकाशित केला, आणि पुढे एकूण सोळा खंड निघाले. ताडपत्रे जिथे जपली गेली ते गाव आणि ती छापली गेली तो आपला प्रदेश, यांना जोडणारा हा प्रवास आपण उलट दिशेने करणार आहोत, हे कळल्यावर दादीजींनी यात्रेची तयारी स्वतःच्या हाती घेतली.

समुद्राचे भय

वडील अजून मोकळेपणाने बोलले नव्हते. एका रात्री दुकान बंद करून आल्यावर त्यांनी मुलासमोर दोन घटना मांडल्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले; चौदा जण गेले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील आठ जणांचा बळी गेला. दोन्ही वेळा वादळ नव्हते, पाऊस नव्हता. मुले तुमच्याआमच्या घरांतली, समुद्राची सवय नसलेली.

“तुला जायचे असेल तर हे कसे घडते ते आधी समजून घे आणि मला समजाव,” एवढेच ते म्हणाले.

मुलाने आठवडाभर वाचले आणि वडिलांना समजावले. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या बांधात जिथे खळगा असतो तिथून ते अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे धावते. या ओढीच्या प्रवाहावर लाटा फुटत नाहीत, म्हणून तो पट्टा शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस घाबरून थेट किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी ताकद न घालवता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर यावे. पट्टा अरुंद असतो; बाहेर आले की लाटाच किनाऱ्याकडे लोटतात. नदीचे मुख आणखी धोक्याचे. ससिहित्लूजवळ शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्रास मिळतात. ओहोटीच्या वेळी तेथे नवशिक्याने पाऊल टाकू नये.

वडिलांनी मग कर्ज मंजूर करावे तशा अटी घातल्या आणि त्या लिहून दोघांनी सह्या केल्या. पहिली अट, परीक्षा संपताच नागपूरला मामाकडे राहून तीन आठवडे जलतरणाच्या वर्गास जायचे आणि दहा मिनिटे सलग पाण्यावर तरंगता आले तरच तिकिटे कायम करायची. दुसरी, आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे किंवा राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण असलेला शिक्षक सोबत असेल तेव्हाच पाण्यात उतरायचे. तिसरी, पाणी कमरेपर्यंत, त्यापुढे नाही. चौथी, मऊ फोमची लांब फळीच वापरायची आणि तिचा पट्टा पायाला बांधलेला असला पाहिजे. कारण फळी हीच नवशिक्याची तराफा असते. पाचवी, शिक्षक ‘आज नको’ म्हणाला तर वाद नाही, पैसे गेले तरी चालतील.

नागपुरात अठराव्या दिवशी मुलगा दहा मिनिटे तरंगला. वडील त्या दिवशी बाजार सोडून काठावर उभे होते. परतताना त्यांनी वर्गाच्या कार्यालयात चौकशी केली, की पन्नाशीच्या माणसाला शिकवता का.

पंचांग आणि भरती

समुद्राचे वेळापत्रकही आपल्या पंचांगातच आहे, ही गोष्ट घरात सर्वांना नवी होती. अमावास्या आणि पौर्णिमेस सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाणाची मोठी भरती येते; अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागली जाऊन भांगाची, लहान भरती येते. दिवसातून दोन भरत्या, त्यांत सुमारे साडेबारा तासांचे अंतर, आणि रोज भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकणातील दर्यावर्दी यावरून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. हा ठोकताळा झाला. प्रत्यक्ष वेळ जागेप्रमाणे बदलते, म्हणून मंगळूर बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि शिक्षकाला विचारावे.

या हिशेबाने चैत्र वद्य सप्तमी ते दशमी हे चार दिवस निवडले गेले. अष्टमीला समुद्र त्यातल्या त्यात संथ, आणि घरात अष्टमीला हिरवी भाजी वर्ज्य असल्याने स्वयंपाकही सोपा. ज्या तिथ्या आजवर उपवास आणि एकासण्यासाठी पाहिल्या, त्यांवरून लाटा मोजता येतात याची मुलांना मौज वाटली.

दुसरा मेळ आणखी सरस बसला. मुल्की पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे असल्याने एप्रिलअखेर तेथील सूर्योदय समुद्रपूरपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे उशिरा, साधारण सव्वासहाला होतो. नवकारशीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे सातच्या पुढे पारता येते. लाटांचा वर्गही पहाटेच चांगला, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाणी गुळगुळीत असते. भरल्या पोटी फळीवर पालथे झोपणे तसेही सोसत नाही. तेव्हा उजाडताच समुद्रावर जायचे आणि परतून नवकारशी पारायची, असा क्रम ठरला. समुद्रपूरच्या वेळा तेथे चालणार नाहीत. पच्चक्खाणाच्या वेळा मुल्कीच्या सूर्योदयावरून काढून आईने वहीत लिहून ठेवल्या.

तंबू आणि चूल

तंबू वाळूवर नको, हा निर्णय लवकर झाला. उघड्या किनाऱ्यावर तंबू ठोकण्यास बहुधा परवानगी नसते आणि भरतीची रेषा नवख्याला ओळखता येत नाही. किनाऱ्याजवळच्या घरगुती निवासाच्या अंगणात, शौचालय आणि पाण्याची सोय असेल तेथे तंबू लावायचा. त्यातही नारळाच्या झाडाखाली नाही. रात्री पडणारा नारळ कापड मानत नाही. हिरवळीवर नाही, मुंग्यांच्या वारुळाजवळ नाही. कोरडी, झाडून घेतलेली मोकळी जागा. एप्रिलच्या अखेरीस तिकडे वळवाची सर येऊ शकते, म्हणून वरून पावसाचे आच्छादन आणि खाली जाड ताडपत्री. ताडपत्रीची चिंता नव्हती. धान्याच्या दुकानात तिला तोटा नाही. प्रसिद्ध चित्रांत दिसते ती रात्रीची शेकोटी मात्र वगळली गेली. तिच्यावर झेपावणाऱ्या पतंगांचा विचार धाकटीने केला. मंद पिवळ्या प्रकाशाचा एक दिवा आणि नऊ वाजता निजणे, एवढेच ठरले.

अन्नाची यादी आईने केली. खाखरे, मुगाचे पापड, मुगाची डाळ आणि तांदूळ, कोरडा मेथी मसाला, गट्टे, वड्या, केर-सांगरी, शेंगदाण्याची चटणी. ओल्या, दमट हवेत खाखरे मऊ पडतात, म्हणून ते लहान डब्यांत, रोजचा डबा वेगळा. उडुपीचा शाकाहारी स्वयंपाक सर्वत्र नावाजलेला; तरी सांबारात बटाटा, गाजर आणि कांदा असतो का हे प्रत्येक ठिकाणी विचारायचे. हे विचारण्यापुरते कानडी वाक्य मुलाने पाठ केले. पाणी गाळून, उकळून, थंड करून भरायचे. चौविहारामुळे सूर्यास्तानंतर, म्हणजे पावणेसातनंतर, पाणीही बंद. त्यामुळे दमट उन्हात दिवसभर ठरवून, थोडे थोडे पाणी प्यायचे, आणि दुपारी अकरा ते चार उन्हात जायचे नाही. ही सूचना मुलांपेक्षा वडिलांसाठी होती. त्यांना दुकानात तहान विसरण्याची सवय आहे.

प्रवास विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईपर्यंत आणि तेथून कोकण रेल्वेमार्गे मत्स्यगंधा एक्स्प्रेसने मुल्कीपर्यंत असा आखला. एकूण खर्चाच्या दहावा हिस्सा आकस्मिक खर्चासाठी वेगळ्या पाकिटात ठेवला गेला. त्याला हात लागला नाही तर परत आल्यावर तो जीवदयेसाठी द्यायचा, असे ठरले.

चौदा नियम

राहता राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव मानणाऱ्या घराने गंमत म्हणून समुद्रात लोळावे का? नातवाने तो टाळला नाही. ओळीच्या नऊ दिवसांत घरी श्रीपाळ राजाची कथा वाचली जात होती. धवल शेठाने श्रीपाळाला जहाजावरून समुद्रात लोटले आणि नवपदाचे स्मरण करीत तो कोकणच्या किनाऱ्याला लागला, तो प्रसंग आला तेव्हा नातू म्हणाला, “आपले पूर्वज तर समुद्रावरून व्यापार करीत होते.”

“करीत होते,” दादीजी म्हणाल्या, “पण गरजेपुरते. तुझी गरज किती, ते मोजून सांग.”

श्रावकासाठी रोज चौदा नियम धारण करण्याची परंपरा आहे. आज किती द्रव्ये खाईन, कोणते वाहन वापरीन, किती वस्त्रे, कोणती शय्या, किती दूर जाईन, किती वेळा स्नान करीन, हे सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी तपासायचे. रोजमेळ लिहिण्यासारखेच ते. नातवाने चार दिवसांसाठी ते घेतले. समुद्रात दिवसातून एकदाच, शिक्षकासोबत, दीड तास. बाहेर आल्यावर अंगावरील मीठ काढण्यास एकच बादली गाळलेले पाणी. शंख-शिंपले उचलायचे नाहीत, कारण रिकाम्या वाटणाऱ्या शंखात खेकडा राहत असतो. खेळापुरते पाणी आणि खेळ संपल्यावर रात्री प्रतिक्रमण. दादीजींनी हा कागद वाचला. त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. कागद त्यांनी स्वतःच्या माळेच्या डबीत ठेवला आणि म्हणाल्या, “रोज संध्याकाळी फोन करून हिशेब सांगायचा.”

समुद्रपूरच्या त्या घरात आता सामान बांधून ओळीने ठेवले आहे. एका बाजूला ताडपत्री, दोर, औषधांची पेटी आणि खाखऱ्यांचे डबे. दुसऱ्या बाजूला दादीजींची लहान पिशवी: पूजेची वस्त्रे, कटासणे, मुहपत्ती आणि गाळण्याचे कापड. गाळण्याची कापडे दोन आहेत. एक त्यांचे मूडबिद्रीसाठी. दुसरे नवे, चार पदरी, कडा शिवलेले; त्यावर कोपऱ्यात लाल दोऱ्याने मुल्की असे लिहिले आहे.